वर की खाली

नकाशेवाल्याच्या टेबलावर घराचा कागद पसरला होता. एका कोपऱ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काचेचा गोळा, तिसऱ्यावर चहाचा कप आणि चौथ्यावर मोजणीदारांचा पंजा. पंजा उचलला तर घर उडून जाईल, असा तो त्यांनी दाबून धरला होता.

"आता एवढंच राहिलं," नकाशेवाला म्हणाला. "झोपायची मोठी खोली. वर काढू की खाली?"

"वर," मोजणीदार म्हणाले.

"खाली," सिस्टर म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. नकाशेवाल्याने पेन्सिल कानावर अडकवली आणि खुर्चीला पाठ टेकली. नवरा-बायकोच्या मधे पडू नये, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

सिस्टर म्हणजे मोजणीदारांची बायको. मोठ्या रुग्णालयात तीस वर्षं नोकरी, त्यातली बारा पुरुषांच्या वॉर्डात. ते नाव तिला इतकं चिकटलं होतं की नवराही लाडात आला की तीच हाक मारायचा. मोजणीदारांचं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं. दुसऱ्यांच्या हद्दी ठरवता ठरवता स्वतःच्या चार भिंती उभ्या करायला त्यांना पंचावन्नावं वर्ष उजाडलं. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते दोघांनी एकमेकांसाठीच राखलेलं.

"हे बघ," मोजणीदार म्हणाले, "सगळी हयात भाड्याच्या तळमजल्यावर काढली. खिडकी उघडली की लोकांच्या चपला दिसायच्या. आता मला झाडांचे शेंडे बघत उठायचंय."

"आणि गुडघे?"

"माझे गुडघे मला ठाऊक आहेत."

"तुम्हाला तुमचेच ठाऊक आहेत. मला सगळ्या गावाचे ठाऊक आहेत. जिना म्हणजे घरात पाळलेला साप असतो, अहो. दहा वर्षं काही करत नाही आणि एक दिवस चावतो. शेवटी खालीच यायचं असतं माणसाला."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. मोजणीदार हसले. त्यांनी पेन्सिल नकाशेवाल्याच्या कानावरून स्वतःच काढून घेतली. "दोन्ही काढा. एक वर, एक खाली. बारा बाय चौदा. भिंतीवर भिंत, खिडकीवर खिडकी, दारावर दार. आधी वर झोपू. हिचे गुडघे बोलायला लागले की गादी गुंडाळून खाली येऊ."

"म्हणजे ठरलं नाहीच," नकाशेवाला म्हणाला.

"ठरलं की! आधी वर, मग खाली."

घर उभं राहिलं ते गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर. तिथे पूर्वी कधी घर नव्हतं, विहीर नव्हती, कुणाला पुरलेलं नव्हतं. गवताखेरीज तिथे काही उगवलं नव्हतं, हे खुद्द मोजणीदारांनी शंभर वर्षांच्या कागदांत पाहिलं होतं. हे सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला आधीचा कुणी मेलेला माणूस सिस्टरला सापडला नाही.

पहिले चार महिने सुखाचे गेले. सकाळी मोजणीदार वरच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि झाडांवरची पाखरं मोजायचे. "सवय जात नाही," म्हणायचे. खालच्या मोठ्या खोलीत इस्त्रीचं टेबल, न उघडलेली खोकी आणि गुंडाळलेली एक सतरंजी, एवढंच सामान होतं. दार ओढून घेतलेलं असायचं.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. सिस्टरची सकाळची पाळी होती. दुपारी तीनला घरी येऊन ती वर जरा आडवी झाली. मोजणीदार कामावर होते. बाहेर ऊन भाजत होतं, पानसुद्धा हलत नव्हतं. डोळा लागतो न लागतो तोच खालून आवाज आला.

किर्र... आणि मग ठक्.

ती पडल्या पडल्या ऐकत राहिली. हा आवाज तिच्या पाचवीला पुजलेला. लोखंडी खाट. हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करतात ती. शेवटचा आटा बसताना ठक् होतं. वॉर्डात दिवसातून पन्नास वेळा ती तो ऐकायची. कामाचा आवाज कानात राहिला असेल, असं म्हणून तिने कूस बदलली.

मग कुणीतरी खोकलं. घशात अडकलेला कफ बाहेर टाकायची ताकद नसलेल्या माणसाचा, ओला, अर्धवट खोकला.

ती उठून खाली गेली. भित्री नव्हती ती. मध्यरात्री प्रेतांवर चादर ओढून त्याच हाताने चहा प्यालेली बाई. तिने दार ढकललं. इस्त्रीचं टेबल, खोकी, सतरंजी. उन्हाची एक तिरीप. पण वास होता. आधी टाल्कम पावडर आणि स्पिरिट, त्याखाली लघवी, आणि सगळ्यात खाली तो गोडसर, जड वास. खूप दिवस एकाच कुशीवर पडलेल्या माणसाची पाठ चिघळली की येतो तो.

नव्या घरात. चुन्याचा वासही अजून गेला नव्हता तिथे.

तिने खिडक्या उघडल्या, फिनेल टाकून फरशी पुसली आणि मोजणीदारांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? की मला रिकाम्या खोलीत पेशंट ऐकू येतो?

पण ते थांबलं नाही. एक दिवसाआड, मग रोज. दुपारी, कधी दिवेलागणीला. खाट करकरायची. कधी कुणी कण्हायचं. आणि मग ते नवीन सुरू झालं: पेल्यावर चमचा. टण् टण् टण्. थांबून पुन्हा टण् टण् टण्. हाक मारता न येणारा पेशंट कुणालातरी बोलावतो तसं.

तीस वर्षांत असा आवाज ऐकून सिस्टर कधी बसून राहिली नव्हती. तोंडातला घास तसाच ठेवून उठली होती. आता मात्र ती उठेना. आवाज बुडावा म्हणून ती वरच्या मोरीतला नळ सोडून ठेवायची. खोलीतल्या खोलीत सपाता फटफटवत येरझाऱ्या घालायची. खाली चमचा वाजत राहायचा. ती चालत राहायची.

मग खालच्याला वाचा फुटली. जीभ जड झालेल्या माणसाची वाचा. असं बोबडं बोलणं डॉक्टरांनाही कळत नसे, ते सिस्टरला बोलवायचे. ती पेशंटच्या तोंडाशी कान नेऊन बसायची आणि सांगायची, "पाणी मागताहेत," "मुलीला बोलवा म्हणताहेत." तिला कळलं असतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाच मिनिटं बसली असती तरी शब्द न् शब्द कळला असता. तिने कानात कापूस घातला.

एका रविवारी मोजणीदारांनीही ऐकलं.

"कुणी कोंबडी पाळली का गं जवळपास?" ते म्हणाले. "को... को... करतंय केव्हाचं."

"असेल," ती म्हणाली. तिने उठून मोरीतला नळ सोडला.

मोजणीदारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू पण ऐकतेस. किती दिवस झाले?"

तेव्हा तिने सांगितलं. खाट, वास, चमचा, सगळं. त्यांनी थट्टा केली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"सिस्टर, पाळ्या करून करून थकलीस तू. राजीनामा दे आता."

"मग तुम्ही कसं ऐकलंत?"

मोजणीदारांनी तिचे हात सोडले आणि जिन्याकडे पाहिलं.

"खाली जायचं नाही," ती म्हणाली. "त्या खोलीत तर नाहीच. माझी शपथ आहे तुम्हाला."

ते घडलं ती संध्याकाळ होती, सहा-सव्वासहाची. आभाळ भरून आलं होतं आणि वीज गेली होती. दोघं वरच्या खोलीत बसले होते. खालचा आवाज आज लवकरच सुरू झाला आणि रोजच्यासारखा थकेना. उलट चढत गेला. को... को... मधेच धडपड, खाटेचं करकरणं, कुणी कुणाशी झटतंय असं. मोजणीदार उठून उभे राहिले.

"अगं, हा माणसाचा आवाज आहे."

"नका जाऊ."

"कुणीतरी खरंच पडलेलं असेल तर? कुणी आत शिरलं असेल, लागलं असेल..."

"अहो, नका ना..."

"माणूस हाका मारतोय आणि तू, तू मला नको म्हणतेस?" हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. नवलाने म्हटलं. पुढे तिच्या काळजात तेच रुतून राहिलं.

ते जिन्याच्या तोंडाशी गेले. ती त्यांच्या मागे, सदऱ्याचं टोक धरून. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी खालून ओरड आली. जीव एकवटून मारलेली, घर हादरवणारी. मोजणीदार दचकले. सदरा तिच्या मुठीतून सुटला. एकदा धप्प, मग लागोपाठ चार ठोके, मग काही नाही.

"अहो!" ती किंचाळली.

डोक्यातली शीर आधी फुटली की पडल्यावर, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तिच्याच वॉर्डात, तिच्याच हाताखालच्या बायकांच्या देखरेखीखाली ते सव्वा महिना होते. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. जीभ जड झाली. डोळे मात्र तसेच राहिले, आणि डोक्यात सगळं शाबूत आहे हे त्या डोळ्यांत दिसायचं. ते जास्त वाईट होतं.

घरी आणायचं ठरलं तेव्हा वर की खाली, हा प्रश्न उरलाच नव्हता. खोकी हलवली, इस्त्रीचं टेबल काढलं. रुग्णालयातून जुनी लोखंडी खाट मिळाली. दोघा माणसांनी ती खिडकीशी लावली, मोजणीदारांना उचलून ठेवलं आणि ते गेले. सिस्टर एकटी उरली. त्यांना नीट बसतं करावं म्हणून तिने हँडल फिरवलं.

किर्र... आणि मग ठक्.

ती हँडल धरून तशीच उभी राहिली. शेवटी मोजणीदारांनी डाव्या हाताने तिचा पदर ओढला, तेव्हा ती भानावर आली.

तिने नोकरी सोडली. वरची खोली बंद केली, मोरीचा नळ बाहेरून तोडला, गादी खाली आणली आणि त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर अंथरली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पाय चोळायचे. इतकं करूनही पाठ चिघळली. तीस वर्षांत तिने दुसऱ्यांच्या कितीतरी पाठी वाचवल्या होत्या. ही वाचेना. वास आला तेव्हा तिला नवल वाटलं नाही. ती फक्त खिडकी उघडायला उठली आणि उघडता उघडता रडली.

ती दुसऱ्या खोलीत असली तर हाक मारायला म्हणून पेला आणि चमचा तिने त्यांच्या हाताशी ठेवला नव्हता. मुद्दाम ठेवला नव्हता. पण औषधाचा पेला होताच, आणि चमचाही होताच. एक दिवस ती स्वयंपाकघरात असताना टण् टण् टण् झालं. ती धावत आली.

"काय हवंय? मी आहे ना इथे. पाणी?"

ते तिच्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते.

वर कुणीतरी चालत होतं. सपाता फटफटवत. भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. आणि मोरीत नळ वाहत होता.

"व... वर... तू," मोजणीदार म्हणाले.

"मी इथे आहे. तुमच्याजवळ. माझ्याकडे बघा."

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा चमचा उचलला आणि वाजवला. पावलं क्षणभर थबकली. मग आणखी जोरात सुरू झाली.

"ये... त नाय," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर ओघळलं. "ऐक... ते. ये... त नाय."

तिने पेला काढून घेतला नाही. तो अधिकार आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटलं. रोज दुपारी ते वाजवायचे आणि रोज वरची चालायची. सिस्टर खाटेच्या पायाशी बसून ते ऐकायची. वरचीची प्रत्येक फेरी तिला आठवत होती. आता ती कापूस शोधत असेल. आता तिने घातला. एकदा तर तिने स्वतः वर तोंड करून हाक मारून पाहिली, "अगं ये, खाली ये! काय म्हणताहेत ते ऐक तरी!" वर काहीही बदललं नाही. तिचा आवाज तेव्हा वर पोचल्याचं तिला आठवतही नव्हतं. पोचत होता तो फक्त त्यांचा.

मोजणीदारांच्या मनात काय आहे ते तिला फार उशिरा कळलं. ते पाणी मागत नव्हते, नुसतं वरचीला बोलावतही नव्हते. सगळा दिवस ते एक शब्द घोटत होते. जिभेला वळत नव्हता, पहिलं अक्षर गळून जात होतं, तरी ते सोडत नव्हते. को... को... तिने कान त्यांच्या ओठांशी नेला, वॉर्डात न्यायची तसा.

"नको," ते म्हणत होते. "खाली नको."

त्यांना वरच्या त्या धडधाकट माणसाला थांबवायचं होतं. जिना उतरू नकोस, एवढंच सांगायचं होतं. आणि तो माणूस उतरला होता तो नेमका हा आवाज ऐकून.

"गप्प राहा," ती म्हणाली. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऐका माझं. तुम्ही ओरडलात म्हणूनच तुम्ही उतरलात. कळतंय का? काहीही बोलू नका. वर कुणाला काही ऐकू गेलं नाही तर कुणी उतरणार नाही. माझ्यासाठी गप्प राहा."

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी डोळे मिटले. दोन दिवस ते खरोखरच गप्प राहिले. वरही शांतता होती. त्या दोन दिवसांत तिला वेडी आशा वाटायला लागली. आपण सकाळी उठू तेव्हा ते वर खिडकीत उभे असतील, चहाचा कप घेऊन, असं स्वप्न तिने जागेपणी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि वीज गेली.

वर दोन माणसांची चाहूल होती. एक सपाता. दुसरी भक्कम, टाचा वाजवत चालणारी पावलं. ती पावलं ऐकल्याबरोबर मोजणीदारांचा श्वास बदलला. स्वतःचे पाय माणूस ओळखतोच. त्यांचा डावा हात खाटेच्या कठड्यावर आदळायला लागला.

"को... को..."

"नाही! अहो, नाही!" तिने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

ते झटले. अर्धं अंग मेलेल्या माणसात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. खाट करकरत होती. तिने दुसराही हात दाबला. दोन्ही हातांखाली त्यांचं वाकडं तोंड तडफडत होतं, आणि ते डोळे तिच्याकडे बघत होते. पहिल्यांदाच छताकडे नाही, तिच्याकडे. बायको आपल्याला का मारते आहे, असं विचारणारे. ती घाबरली आणि क्षणभरच तिचे हात सैल पडले.

वर टाचा जिन्यापाशी आल्या होत्या.

मोजणीदार ओरडले. जीव एकवटून, घर हादरेल असं. या वेळी शब्द पुरता आला. "नको!"

एकदा धप्प. मग लागोपाठ चार ठोके. मग काही नाही.

आणि मग जिन्यावरून एका बाईची किंकाळी आली. "अहो!"

आपलाच आवाज माणसाने बाहेरून ऐकू नये. सिस्टर दार उघडून बाहेर आली. जिना रिकामा होता. ती वरपर्यंत गेली, कुलूप चाचपलं, खाली आली, पुन्हा वर गेली. अंधारात चार-पाच वेळा ती तो जिना चढली आणि उतरली. कुणी नव्हतं. खाली मोजणीदार छताकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचे डोळे विझले होते. शहाण्या माणसाचे डोळे राहिले नव्हते ते. आता सावध करायला कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. चमचा हातात दिला तरी तो बोटांतून गळायचा. वरही सारं शांत झालं. ती त्यांच्या कानाशी बसून रोज तेच सांगायची, "मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं मी. एकदा जरी खाली येऊन बसले असते तरी कळलं असतं." ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती कूस बदलायला उठली, आणि कूस बदलायची गरज उरली नव्हती.

वॉर्डातल्या बायका आल्या, दोन दिवस राहिल्या. "एकटी कशाला राहतेस? वीक हे घर," म्हणाल्या. तिने मान डोलावली. पण विकून कुणाला द्यायचं? उद्या दुसरी दोघं येतील, नवे पडदे लावतील, खिडकीत चहा घेऊन उभी राहतील. आपल्या हाताने ते करायची तिची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर तिला कुठे जायचंही नव्हतं. घरात कुठेतरी, वर नाहीतर खाली, ती पाखरं मोजणारी सकाळ शिल्लक असेल, एखाद्या दिवशी तीही ऐकू येईल, एवढ्याच आशेवर ती राहिली. ती काही ऐकू आली नाही.

खाट तिने रुग्णालयाला परत केली. खालच्या खोलीला कुलूप लावलं. महिनाभर बैठकीतल्या खुर्चीत झोपली. मग पाठ धरली तेव्हा वरची खोली उघडली, झाडून घेतली आणि तिथे अंथरूण टाकलं. गुडघे दुखायचे. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढायची. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. खाली काही हललं नाही. ती शांतता तिला खायला उठायची. रोज दुपारी ती पडल्या पडल्या कान देऊन ऐकायची. निदान कण्हणं तरी ऐकू येऊ दे, म्हणायची. आता मी येईन. कुठल्याही हाकेला येईन.

तिसऱ्या वर्षी, अशाच एका भाजून काढणाऱ्या दुपारी, खालून आवाज आला.

ती ताडकन उठून बसली. उशी छातीशी धरून ऐकू लागली. खालच्या खोलीत कुणीतरी वावरत होतं. बादली ठेवल्याचा आवाज झाला. फडकं पिळल्याचा. मग एका बाईचा आवाज आला. प्रौढ, दमलेला, पगारावर काम करणाऱ्या बाईचा. तो तिने जन्मात कधी ऐकला नव्हता.

"चला आजी, कूस बदलायची. एक, दोन आणि... हं. झालं. किती हलक्या झालात हो. कापसासारख्या."

सिस्टर हळूच अंथरुणावरून सरकली आणि फरशीवर पालथी पडून तिने कान लावला. या वेळी तिने कान झाकले नाहीत. भीती अशी वाटलीच नाही. म्हातारपणी आपण खाली असणार, एवढंच ना? कुणी परकी बाई पाठ पुसणार. ते तर तिने कधीच धरून चाललं होतं. उलट कुणीतरी असेल, याचंच तिला बरं वाटलं.

पावडरचा डबा ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाई खोलीच्या दुसऱ्या बाजूला गेली. भिंतीकडच्या. तिथे दुसरी खाट करकरली.

"आता यांना वळवते," बाई म्हणाली. "आजी, या कोण तुमच्या? बहीण का? तोंडावळा अगदी एकच."

वरती सिस्टरच्या कपाळाला फरशी थंड लागत होती. तिला बहीण नव्हती. तिला कुणीच नव्हतं.

"बरं, नका सांगू," खालची बाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला, कुणी तिसऱ्याने ऐकू नये असा. "पण आजी... यांना एवढं सांगा. सकाळपासून वर छताकडे बघून हसताहेत. म्हणावं, तिथे जी कान लावून बसलीय तिला हाक मारू नका. ती येईल."